नातवाची दुसरी मोटारसायकल
वापरलेली ‘स्पोर्ट बाइक’ दारात येण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांनी काय पाहावे आणि कशाचा आग्रह धरावा?

मुलगा शिक्षण संपवून नोकरीला लागतो. पहिली शंभर-सव्वाशे सीसीची गाडी दोन-तीन वर्षे वापरून झालेली असते आणि एखाद्या रात्री जेवता जेवता विषय निघतो : आता जरा मोठी गाडी घ्यायची आहे. नवी परवडत नाही, म्हणून कोणाची तरी वापरलेली. मोबाइलवर छायाचित्र दाखवले जाते. पुढे झुकलेली, रंगीत आवरणांनी मढवलेली, शर्यतीच्या मैदानावरून थेट आल्यासारखी ती गाडी पाहून घरातील आजी-आजोबांच्या पोटात गोळा येतो आणि तोंडून पहिला शब्द येतो तो ‘नको’.

या नकारामागे माया असते, यात शंका नाही. परंतु मिळवत्या मुलाला नकाराने फार काळ थांबवता येत नाही. त्याला कर्ज मिळते, मित्र मिळतात आणि गाडीही मिळते. मिळत नाही तो फक्त शांतपणे चार प्रश्न विचारणारा अनुभवी माणूस. वाचकहो, ती जागा आपण घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. इंजिनाचे ज्ञान त्यासाठी लागत नाही. घर, जमीन, सोने आणि माणसे पारखण्यात आपण आयुष्य घालवले आहे. तीच नजर येथेही उपयोगी पडते.

भीती निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. त्याच वर्षी हेल्मेट न घालता दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. शिवाय घरात एखादे आजारी वा वृद्ध माणूस असेल, तर औषधे आणणारा, डायलिसिसला नेणारा, रात्री उठून पाणी देणारा हात बहुधा याच तरुणाचा असतो. तो अंथरुणाला खिळला, तर त्याच्याबरोबर सगळे घर अडते. म्हणून ही खरेदी त्याच्या एकट्याची हौस न मानता घराच्या आरोग्याचा प्रश्न मानावी.

एका वेळी एकच पायरी

आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळाला की शंभर सीसीची गाडीही चालवता येते आणि हजार सीसीचीही. युरोपीय संघातील देशांत तसे नाही. तेथे पहिला परवाना १२५ सीसी आणि ११ किलोवॉट शक्तीपर्यंतच्या गाडीचा, दुसरा ३५ किलोवॉटपर्यंतचा. आणि त्यावर किमान दोन वर्षांचा अनुभव घेतल्यानंतर अमर्याद शक्तीच्या गाडीकडे जाण्याची वाट मोकळी होते. आपल्या कायद्याने जी पायरी घालून दिलेली नाही, ती घराने घालून द्यावी.

ती कशी मोजावी? सीसीच्या आकड्याबरोबर अश्वशक्ती विचारावी. नेहमीच्या शंभर सीसीच्या गाडीत सुमारे ८ अश्वशक्ती असते, दीडशे सीसीच्या साध्या गाडीत सुमारे १४. यामाहाच्या आर-१५ मध्ये सुमारे १८, होंडाच्या सीबीआर २५०आर मध्ये सुमारे २६, टीव्हीएसच्या अपाची आरआर ३१० मध्ये ३४, कावासाकीच्या निन्जा ३०० मध्ये ३९ आणि केटीएमच्या आरसी ३९० मध्ये ४३ च्या आसपास. सहाशे सीसीच्या चार सिलिंडरवाल्या गाड्या शंभराच्याही पुढे जातात. शंभर-सव्वाशेवर हात बसलेल्याने आर-१५ च्या जातीची गाडी घेणे ही एक पायरी झाली. दीडशेवर दोन-तीन वर्षे नीट चालवलेल्याने अडीचशे-तीनशेकडे जाणे हीही एक पायरी झाली. आठ अश्वशक्तीवरून थेट त्रेचाळीसवर जाणे म्हणजे जिना सोडून गच्चीवर उडी मारणे होय.

येथे शाळेतील पदार्थविज्ञानाची एक गोष्ट आठवावी. धावत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटरवरून ७० वर गेल्यास वेग चाळीस टक्क्यांनी वाढतो, पण थांबण्यापूर्वी जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. हलक्या, ताकदवान गाडीवर हा फरक मनगटाच्या किंचित वळणाने पडतो आणि चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

आधी ब्रेक, मग वेग

आपल्यापैकी अनेकांना १९८० च्या दशकातली राजदूत ३५० आठवत असेल. त्या काळी रस्त्यावर तिच्या वेगाची बरोबरी करणारी गाडी क्वचित दिसे. पण भारतात बनलेल्या त्या गाडीच्या पुढच्या चाकालाही ड्रम ब्रेकच होता. धावण्याची ताकद आणि थांबण्याची ताकद यांतील तफावत किती महाग पडते, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही.

आज त्या तफावतीवरचा मोठा उपाय म्हणजे एबीएस. घाबरून ब्रेक जोरात दाबला गेला, तरी चाक जखडून घसरू न देणारी ही यंत्रणा आहे. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ती १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. वापरलेल्या गाडीच्या बाजारात ही तारीख ध्यानात ठेवावी, कारण त्यापूर्वीच्या पुष्कळ आकर्षक गाड्यांत एबीएस नाही. २०१९ पूर्वीच्या आर-१५ मध्ये ते नव्हते. भारतात विकल्या गेलेल्या निन्जा ३०० ला ते २०१८ पासून मिळाले. सीबीआर २५०आर एबीएससह आणि एबीएसविना अशा दोन्ही प्रकारांत विकली गेली. नियम एकाच चाकाच्या एबीएसनेही पूर्ण होतो. म्हणून ते दोन्ही चाकांना आहे का, हे वेगळे विचारावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. न विझणारा दिवा बिघाड दाखवतो. मुळीच न लागणारा दिवा अधिक संशयास्पद. तो काढून टाकलेला असू शकतो. किंमत कमी म्हणून एबीएस नसलेली गाडी पसंत करू नये, एवढा एक आग्रह आपण शेवटपर्यंत धरावा.

शरीराला ती मानवते का?

स्पोर्ट बाइकचे हँडल खाली आणि पायदान मागे असते. चालवणारा पुढे झुकतो, त्यामुळे धडाचा बराच भार मनगटांवर येतो, मान सतत वर उचलावी लागते आणि कंबर वाकलेली राहते. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याचा दाब छातीला थोडा आधार देतो. शहराच्या गर्दीत तोही मिळत नाही. रोज तास-दीड तास सिग्नलवर थांबत जाणाऱ्याची बोटे बधिर होणे, मनगटे व खांदे भरून येणे, कंबर धरणे या तक्रारी यातूनच उद्भवतात. ज्याला मणक्याचा वा मनगटाचा त्रास आधीपासून आहे, त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि रोजच्या कामासाठी सरळ बसण्याची गाडी निवडावी.

गाडी पाहायला गेल्यावर मुलाला तिच्यावर दहा मिनिटे नुसते बसू द्यावे. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकतात का, पार्किंगमधून गाडी मागे ढकलता येते का, हँडल पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकीत अडकतो का, हे पाहावे. आर-१५ आणि आरसी ३९० यांची बैठक जमिनीपासून ८१५ ते ८२५ मिलिमीटरच्या आसपास आहे, तर निन्जा ३०० ची ७८५. बेताच्या उंचीच्या मुलाला वा मुलीला हा तीन-चार सेंटिमीटरांचा फरक रोज जाणवतो. पोट-पाठीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि गुडघ्यांनी टाकी आवळून धरण्याची सवय यांमुळे हातांवरचा भार पुष्कळ हलका होतो.

दिवसाउजेडी आणि थंड इंजिनावर

गाडी पाहायला संध्याकाळी जाऊ नये. सकाळी जावे आणि ‘येईपर्यंत चालू करू नका’ असे आधी कळवावे. पोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन पाहावा. ते गरम असेल, तर थंडपणी सुरू होण्यातली अडचण लपवली गेली असण्याची शक्यता धरावी. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल जाळत आहे. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीचे इंजिन पंखा चालू होईपर्यंत उभ्या जागी चालवावे. तापमान त्यापुढे चढत गेले, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

पडलेली गाडी ओळखणे हे पाहणीतील सर्वांत महत्त्वाचे काम. फेअरिंग, म्हणजे ती रंगीत आवरणे, नवी बसवली की बाहेरून गाडी चकचकीत दिसते. परंतु हँडलची टोके, ब्रेक व क्लचच्या लिव्हरची टोके, पायदानाचे कोपरे आणि सायलेन्सरची कड खरे बोलतात. एकाच बाजूच्या या सगळ्या जागा घासलेल्या असतील, किंवा एकाच बाजूचे सगळे भाग कोरे असतील, तर गाडी त्या बाजूला पडली आहे असे समजावे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते जेथे अडते तो चेसीवरील उंचवटा पाहावा. तो चेपलेला वा तडकलेला असेल, तर धडक मोठी होती. उभ्या गाडीवरून झालेली खरचट क्षम्य आहे. वाकलेली चेसी कोणत्याही किमतीला नको.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली, तरी पाच-सहा वर्षांचे रबर कडक होते आणि पावसात पकड सोडते. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तेलाचे कडे दिसले, तर सील गेले आहे. मागच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकलेले असतील, तर चेन सेट बदलावा लागेल. या झिजणाऱ्या वस्तू आहेत आणि त्यांचा खर्च किमतीतून वजा करता येतो. मात्र किलोमीटरचा आकडा थोडा आणि पायदानाचे रबर गुळगुळीत, असे असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

शेवटी माणूस पाहावा. सर्व्हिसची बिले नीट लावून ठेवणारा, गाडी का विकतो हे सरळ सांगणारा आणि आपल्या मेकॅनिककडे न्यायला हरकत न घेणारा विक्रेता चार हजार अधिक मागत असला, तरी तो स्वस्त पडतो. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर, कापलेले मडगार्ड आणि वाकवलेली नंबर प्लेट ही गाडी कशी चालवली गेली याची साक्ष असते. ही पारख करताना आपले पांढरे केस उपयोगी पडतात. तरुणाचे डोळे गाडीवर खिळलेले असतात, आपले माणसावर असू शकतात.

कागद कोणाच्या नावावर?

आरसीवरील चेसी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळवून घ्यावेत. थकीत ई-चलन, विम्याची मुदत आणि पीयूसी पाहावे. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हवा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या राज्यातील गाडीला त्याखेरीज आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो; तो गाडीबरोबर येत नाही.

ज्येष्ठांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली : प्रेमापोटी वा सोयीसाठी नवी गाडी आजोबांच्या नावावर घेऊ नये. विम्यातील १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे परवाना असलेल्या नोंदणीकृत मालकासाठी असते. गाडी आजोबांच्या नावावर आणि चालवणारा नातू, अशा स्थितीत नातवाला त्याचा लाभ मिळत नाही. दुसरी : मुलाची जुनी, पहिली गाडी पुष्कळदा आपल्याच नावावर असते. ती विकताना ‘कागद नंतर करू’ हे मान्य करू नये. आरटीओच्या दफ्तरी ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. वर्षभरापूर्वी विकलेल्या गाडीसाठी सत्तराव्या वर्षी कोर्टाची पायरी चढणे कोणालाही नको असते.

पैशांची वाटणी

ठरवलेल्या रकमेतील प्रत्येक शंभर रुपयांपैकी पंच्याहत्तरच गाडीसाठी ठेवावेत, असा नियम घरात करावा. उरलेल्या पंचविसांत टायर, पहिली सर्व्हिस, हस्तांतर, विमा आणि अंगावरचा पोशाख येतो. यांतील पोशाखाला कात्री लावली जाते, म्हणून तो आधी घ्यावा.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे असावे. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि पट्टा लावून मागून उचलले, तर ते निघता कामा नये. वापरलेले हेल्मेट कधीही घेऊ नये. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले, तरी आतील थर दबलेला असू शकतो. पडताना माणूस तळहात टेकतो, म्हणून हातमोजे. घोटे झाकणारे बूट. आणि खांदे, कोपरे, पाठ यांना संरक्षक पट्ट्या असलेले जॅकेट. आपल्याला नातवाला भेट द्यायची असेल, तर गाडीच्या किमतीत भर घालण्याऐवजी हा पोशाख द्यावा. आजीने दिलेले जॅकेट खुंटीवर टांगून निघणे नातवाला थोडे जड जाते.

पहिले सहा महिने

अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने मोटारसायकलच्या नऊशे अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातील एक निष्कर्ष आपल्या प्रश्नाशी थेट भिडतो. अपघात झालेल्या चालकांचा एकूण अनुभव सरासरी जवळजवळ तीन वर्षांचा होता. पण त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांहून कमी होता. म्हणजे चालवणे जुने, गाडी नवी. ‘मला तीन वर्षांची सवय आहे’ हे मुलाचे म्हणणे खरे असते. त्या सवयीला ही गाडी अजून ओळखीची नसते.

म्हणून गाडी घरात आणण्यापूर्वीच सहा महिन्यांचा करार करावा. पहिला महिना रोजचा ओळखीचा रस्ता आणि सुट्टीच्या सकाळी मोकळ्या मैदानावर अचानक थांबण्याचा सराव. पहिले तीन महिने मागे कोणी बसणार नाही. रविवारी पहाटे ताम्हिणी वा माळशेजकडे निघणाऱ्या टोळक्यात सहा महिने पूर्ण होईपर्यंत सामील व्हायचे नाही. कारण घाटात वेग आपण ठरवत नाही, पुढचा ठरवतो. पहिला पावसाळा सावकाश काढायचा. हे बोलताना आवाज चढवू नये. ‘आमच्या वेळी’ हे शब्द टाळावेत आणि कराराच्या बदल्यात आपणही काही द्यावे : रोजची टोचणी बंद.

आपल्यासाठी दोन शब्द

या गाड्यांची मागची बैठक उंच, अरुंद आणि धरायला काही नसलेली असते. गुडघे वा खुबा दुखणारे, हाडे ठिसूळ झालेले किंवा तोल जाणारे ज्येष्ठ यांनी तिच्यावर डबलसीट बसू नये. म्हणून घरातील स्कूटर विकून ही गाडी घेण्याचा बेत असेल, तर दवाखान्याच्या फेऱ्यांची सोय काय, हे आधी ठरवावे.

मुलगा रस्त्यावर असताना त्याला फोन करू नये. काळजीपोटी लागोपाठ केलेले तीन फोन त्याचे लक्ष रस्त्यावरून काढून घेतात. ‘पोचल्यावर कळव’ एवढेच ठरवावे आणि निघताना खरोखरच तातडीचे काम असेल, तरच एक निरोप ठेवावा. रुग्णाच्या उशाशी त्याने रात्र जागून काढली असेल, किंवा सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी त्याला रिक्षाचे पैसे आपण द्यावेत. झोपेची थकबाकी ब्रेक दाबायला उशीर करते. त्याच्या पाकिटात रक्तगट, ॲलर्जी आणि घरच्या दोन क्रमांकांची चिठ्ठी असावी. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा.

पाहणीला जाताना खिशात ठेवायची यादी

• गाडीची शक्ती आधीच्या गाडीपेक्षा एकच पायरी वर आहे का?
• एबीएस दोन्ही चाकांना आहे का? दिवा लागून विझतो का?
• दोन्ही पाय टेकतात का? गाडी ढकलता येते का?
• इंजिन थंड होते का? धूर, तापमान, गळती?
• हँडल, लिव्हर, पायदान, सायलेन्सर : एका बाजूला घासलेले वा एकाच बाजूला नवे?
• टायरची तारीख, चेन सेट, शॉकअपचे तेल?
• क्रमांक, कर्ज, चलन, विमा. आणि हस्तांतर चालवणाऱ्याच्याच नावावर?
• पोशाखाचे पैसे बाजूला काढले का?

यांतील एबीएस, वाकलेली चेसी आणि कागद या तीन प्रश्नांवर समाधान झाले नाही, तर परत फिरावे. बाजारात गाड्या पुष्कळ असतात. पुढच्या रविवारी दुसरी पाहता येते. आणि सगळी उत्तरे समाधानकारक आली, तर मनमोकळेपणे होकार द्यावा, गाडीला हळद-कुंकू लावावे आणि चावी देण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा आपल्या हाताने घट्ट करून पाहावा.